दोन डाव्या बाह्या

आमच्या घरात पुढचा आठवडा कसा जाणार हे बिस्किटांचा डबा ठरवायचा.

डब्यात बिस्किटं नव्हती. वीस वर्षांपूर्वी होती, ती सासऱ्यांनी संपवली, आणि रिकाम्या डब्यात सासूबाईंनी देव ठेवला. म्हणजे चिठ्ठ्या ठेवल्या. शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना देवाच्या स्वभावाबद्दल जे जे सापडत गेलं ते त्यांनी कागदी नमुन्यांच्या उरलेल्या कपट्यांवर लिहून ठेवलं. दयाळू. न्यायी. सत्य. विश्वासू. मंदक्रोध. अशा एकेचाळीस चिठ्ठ्या. रविवारी चर्चमधल्या उपासनेहून आल्यावर, जेवणं झाली की त्या हात पुसायच्या, डोळे मिटून एक चिठ्ठी काढायच्या आणि खालच्या दुकानात मशीनच्या वरच्या भिंतीला टाचणीनं लावायच्या. मग पुढचे सात दिवस, देव जसा आहे तसं वागायचं.

"हे जरा जास्तच होतंय," असं सासरे वीस वर्षं म्हणत आले होते.

"अहो, कापड माहीत असलं की सुई कुठली लावायची ते विचारावं लागतं का?" सासूबाई म्हणायच्या. "तसंच आहे. तो कसा आहे ते माहीत असलं, की आपण कसं वागायचं हे दर वेळी डोकं खाजवत ठरवायला लागत नाही."

सासूबाई शिंपी आहेत. जाकिटं, कोट आणि लग्नाचे झगे. त्यामुळे त्यांची प्रत्येक गोष्ट कापडापासून सुरू होते आणि तिथंच संपते.

आता वागायचं म्हणजे कसं, तर 'विश्वासू'च्या आठवड्यात एका न्हाव्याला गुरुवारी पाचला कोट देते म्हणून सांगितलं होतं. पाच वाजले तरी तो घ्यायला आला नाही. सासूबाई कोट घेऊन त्याच्या दुकानात गेल्या आणि तो एका गिऱ्हाइकाची दाढी करत असताना त्याच्या अंगात कोट चढवून आल्या. गिऱ्हाईक अर्धा गाल फेसाचा घेऊन बघत राहिलं. 'मंदक्रोध'च्या आठवड्यात एक नवरी आली, तिनं पाच वेळा कॉलर बदलली. सहाव्या वेळी ती भांडायच्या तयारीनंच आत शिरली. सासूबाईंनी तिला खुर्ची दिली, हातात खडू दिला आणि म्हणाल्या, "तूच काढ बाळा, मला घाई नाही." तिनं काढली, पुसली, काढली, आणि रडायलाच लागली, की पहिलीच बरी होती. सासूबाईंनी पहिलीच शिवून ठेवली होती.

काही चिठ्ठ्या मात्र नक्कल करायच्या नव्हत्या. 'सर्वव्यापी' आली त्या आठवड्यात त्यांनी चर्चची साफसफाई आणि दुकानातली ट्रायल एकाच वेळी घ्यायचा प्रयत्न केला आणि मंगळवारपर्यंत दोन्हीकडच्या लोकांची माफी मागितली. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, की सर्वव्यापी, सर्वसमर्थ आणि सर्वज्ञ या चिठ्ठ्या निघाल्या तर फक्त मान खाली घालायची. 'सर्वसमर्थ'च्या आठवड्यात कपाट वरच्या मजल्यावर न्यायचं होतं. त्यांनी सरळ दोन हमाल बोलावले आणि खुर्चीत बसून राहिल्या. "मी तो नाही हे सात दिवस लक्षात ठेवायचंय," असं त्यांनी हमालांना समजावून सांगितलं. हमालांना काही समजलं नाही, पण पटलं.

आम्ही घरातले बाकीचे तिघं हे सगळं हवामानासारखं बघायचो. आम्ही तिघं म्हणजे मी, माझा नवरा आणि सासरे. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. सासरे पोस्टात होते, आता घरात असतात. 'सत्य'चा आठवडा असला की कुणी नवे कपडे घालून सासूबाईंसमोर जायचं नाही. 'न्यायी'चा असला की कुणी कुणाची तक्रार करायची नाही, कारण दोन्ही बाजू ऐकल्या जायच्या आणि दोन्ही बाजूंना भांडी घासायला लागायची. त्या आठवड्यात केकसुद्धा टेपनं मोजून कापला जायचा. एकदा सासऱ्यांच्या तुकड्याला पाव इंच जास्त आला. तो त्यांच्या डोळ्यांदेखत कापून मला दिला गेला. मी सासऱ्यांकडे न बघता खाल्ला.

सगळ्यात लाडका आठवडा अर्थातच 'दयाळू'चा. काय असेल ते त्या आठवड्यात कबूल करून मोकळं व्हायचं. आणि खरं सांगायचं तर, एकेचाळीस चिठ्ठ्या असूनही 'दयाळू' वर्षातून आठ-नऊ वेळा तरी यायचा. देवाची दया मोठी आहे असं उपासनेत ऐकलं होतंच. आमच्याकडे त्याचा आकडाही होता.

मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा भिंतीवर चिठ्ठी होती 'परक्याला आपलं म्हणणारा'. सासूबाईंनी दुकानात स्वतःच्या खुर्चीशेजारी, खिडकीच्या उजेडात, माझी खुर्ची मांडली. रविवारी चिठ्ठी बदलली. सोमवारी सकाळी भीत भीत खाली गेले. खुर्ची तिथंच होती. भिंतीवर 'पवित्र' आलं होतं आणि खुर्चीवरची धूळ पुसलेली होती.

तर, बाह्या.

ऑर्गनवाल्या बाई आमच्या मंडळीत अडतीस वर्षं ऑर्गन वाजवतात. त्या निवृत्त होणार होत्या. शेवटच्या रविवारी घालायला त्यांना जाकीट हवं होतं, आणि कापड त्यांनी घरून आणलं होतं. गर्द हिरवं, लोकरीचं, वरून रेशमासारखं चकचकीत आणि मागून मंद. त्यांच्या आईनं कोटासाठी घेतलं होतं आणि चांगला प्रसंग येईल म्हणून ठेवून दिलं होतं.

"आईला एकही प्रसंग पुरेसा चांगला वाटला नाही," बाई म्हणाल्या. "माझं लग्न झालं तेव्हाही म्हणाली, बघू पुढं. मग ती गेली. चाळीस वर्षं घडीत आहे हे."

कापड सव्वादोन मीटर. असलं कापड आता कुणी विणत नाही. सासूबाईंनी ते टेबलावर पसरलं, त्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "या वेळी कात्री तू धर."

दोन वर्षं मी फक्त अस्तरं कापत होते. अस्तर चुकलं तर आत राहतं. वरचं कापड ही वेगळी गोष्ट. मी "मी?" असं विचारलं. नंतर वाटलं, तिथंच त्यांनी विचार बदलायला हवा होता.

"तू," सासूबाई म्हणाल्या. "कापड कमी आहे, दुमडून दोन्ही बाह्या एकदम निघणार नाहीत. एकेरी पसर. एक बाही काप, मग नमुन्याचा कागद उलटा करून दुसरी काप. काय करून?"

"उलटा करून."

"उलटा केला नाहीस तर?"

"दोन्ही एकाच हाताच्या होतील. अहो आई, मला कळतं."

शुक्रवारी सासूबाई एका झग्याच्या ट्रायलला बाहेर गेल्या. मी पाठ कापली, पुढचे दोन भाग कापले, कॉलर कापली, सगळं लोण्यासारखं. डावी बाही कापली. मग दारात सासरे चहा मागायला आले. मी बाहीचा लांबुळका कागद नाकाला लावून त्यांच्यासमोर हत्ती केला. ते हसले. मी सोंड हलवली. ते अजून हसले. प्रेक्षकांनी साथ दिली की मी वाहवत जाते, ही माझी जुनी खोड. शेवटी सोंड खाली ठेवली आणि दुसरी बाही कापली.

दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या. कडेला कड जुळली, टोकाला टोक जुळलं. केसाचासुद्धा फरक नव्हता. इतकं अचूक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

सोंडेचा कागद मी उलटा न करता सुलटाच ठेवला होता.

कापड उलटून चालवून घ्यावं तर मागची बाजू मंद. एक हात चकचकीत आणि एक हात मळका, असं जाकीट घालून बाईंनी काय वाजवायचं? आणि उरलेलं कापड म्हणजे खिशापुरते चार तुकडे. मी दोन्ही बाह्यांची गुंडाळी करून अस्तरांच्या ताग्यामागे ठेवली आणि भिंतीवर बघितलं.

भिंतीवर 'न्यायी' होतं.

आता माझा विचार असा होता, आणि मला तो तेव्हा समजूतदार वाटला. आज सांगितलं तर न्याय होईल. न्याय म्हणजे वरचं कापड ज्याच्या हातात शोभतं त्याच्या हातात जाईल, आणि मी म्हातारी होईपर्यंत अस्तरं कापेन. रविवारी नवी चिठ्ठी निघेल. ती 'दयाळू' निघाली तर सगळं निभावेल. एकेचाळीसात एक म्हणजे शक्यता कमी. पण शक्यता वाढवता येते.

शनिवारी दुपारी सासूबाई दुकानात होत्या. मी वर स्वयंपाकघरात बसून सात चिठ्ठ्या लिहिल्या. 'दयाळू', 'दयाळू', 'दयाळू'. सासूबाईंसारखा द काढायला मी चार कपटे वाया घालवले. डबा उघडला, चिठ्ठ्या टाकल्या, आणि वर बघते तर दारात सासरे.

त्यांची मूठ बंद होती.

"चष्मा शोधतोय," ते म्हणाले.

"डब्यात?"

"कुठंही असू शकतो."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा," आणि मूठ खिशात घालून निघून गेले. मी स्वतःच्या भानगडीत इतकी बुडालेली होते, की मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

रविवार आला. जेवणं झाली. सासूबाईंनी हात पुसले, 'न्यायी' डब्यात टाकली, डबा हलवला आणि डोळे मिटून चिठ्ठी काढली.

"दयाळू," त्यांनी वाचलं.

"वा," सासरे म्हणाले.

"छान," नवरा म्हणाला.

"बरं झालं," मी म्हणाले.

तिघांचं एकदम आलं. सासूबाईंनी आमच्याकडे बघितलं, मग चिठ्ठीकडे बघितलं. "हा द माझा नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी दुसरी चिठ्ठी काढली. 'दयाळू'. तिसरी काढली. 'दयाळू'. मग त्यांनी डबा टेबलावर पालथा केला.

चौसष्ट चिठ्ठ्या निघाल्या. चोवीस 'दयाळू'. त्यातली एक सासूबाईंची. सात माझ्या. बारा अशा, की अक्षर हुबेहूब सासूबाईंचं. सासऱ्यांनी चौतीस वर्षं पोस्टात लोकांची अक्षरं वाचण्यात घालवली होती, त्याचा असा उपयोग झाला. आणि चार चिठ्ठ्या जाड पट्टीनं आखलेल्या, चौकटीत, ठळक अक्षरांत. त्यातल्या एकीवर लिहिलं होतं, 'दयाळू. क्षमता सहा माणसं.'

"हे सवयीनं लिहिलं गेलं," नवरा म्हणाला.

सासूबाई बराच वेळ चिठ्ठ्यांची ढिगांमधे विभागणी करत बसल्या. मला वाटलं आता त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"तुम्ही मला घाबरता?"

"घाबरत कुठं," सासरे म्हणाले. "आकाश बघून छत्री घेतो, इतकंच."

"म्हणजे घाबरता." त्यांनी एक चिठ्ठी उचलली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला वाटत आलं, की तो चिठ्ठी निघाली तरच दयाळू असतो आणि बाकी आठवडे रजेवर. आणि हे तुम्हाला कुणी शिकवलं? मीच. माझ्याकडे बघून." त्यांचा आवाज खाली गेला. "मी काय केलं कळलं का? त्याचे एकेचाळीस तुकडे कापले, नीट, कडा सरळ, आणि जोडले एकदाही नाहीत. वीस वर्षं नुसती कापतेय. शिवलं कुणी?"

यावर विनोद सुचला नाही. सहसा सुचतो.

"आई," मी म्हणाले, "मी आले तेव्हा तुम्ही खुर्ची ठेवली होती. चिठ्ठी बदलली. खुर्ची हलली नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे पुसायला त्यांनी टेप वापरली, गळ्यात तीच होती. "बरं," त्या म्हणाल्या. "सांगा आता. कुणी काय केलंय?"

सासरे म्हणाले, केक. किती? तर दर बुधवारी, डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हापासून. नवऱ्यानं सांगितलं, की सासूबाईंची निळी छत्री हरवली नव्हती, ती त्यानं नेली होती आणि एका लिफ्टच्या खड्ड्यात पडली होती, सहा महिने झाले. "काढायला जमत नाही, पण दिसते," तो म्हणाला. "मी आठवड्यातून दोनदा तिला बघून येतो."

मग सगळे माझ्याकडे वळले. मी खाली गेले, ताग्यामागून गुंडाळी काढली, वर आले आणि दोन्ही बाह्या टेबलावर ठेवल्या. सासूबाईंनी एकीवर दुसरी ठेवली. कडेवरून बोट फिरवलं.

"दोन्ही डाव्या."

"हो."

"कधी?"

"शुक्रवारी."

"आणि आज रविवार." त्यांनी बाह्या परत सुट्या केल्या. काही हरकत नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते. "वाईट झालं," त्या म्हणाल्या. "हे कापड परत मिळणार नाही, तुला माहीत होतं."

"हो."

"तीन दिवस एकटीच घेऊन बसलीस?"

मी मान हलवली.

"चल. बाईंकडे जाऊ."

"उद्या गेलो तर? त्या दुपारी झोपतात."

"आत्ता. बाह्या घे." जाताना त्या सासऱ्यांकडे वळल्या. "आणि तुम्ही. बुधवारी माझ्यासमोर खायचा. लहान तुकडा. लपून खाल्लेला पचत नाही."

"दया की न्याय?" सासऱ्यांनी विचारलं.

"केक," सासूबाई म्हणाल्या.

ऑर्गनवाल्या बाई दोन गल्ल्या पलीकडे चौथ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट बंद होती. ती माझ्या नवऱ्याच्याच यादीत आहे, हे मला माहीत होतं आणि सासूबाईंनाही माहीत होतं. आम्ही त्याचं नाव न काढता चार जिने चढलो. तिसऱ्या मजल्यावर मी म्हणाले, "आई, तुम्ही सांगाल का?"

"नाही."

"का?"

"तू सांगशील. मी शेजारी असेन." त्यांना दम लागला होता. कठड्याला धरून त्या उभ्या राहिल्या. "आणि ऐक. त्या रागावल्या तर तो त्यांचा हक्क आहे. तोंड पाडायचं नाही आणि विनोदही करायचा नाही."

दुसरं जास्त अवघड होतं.

बाईंनी दार उघडलं. खोलीत भिंतीला लागून सरावाचा छोटा ऑर्गन, त्यावर गीतांच्या वह्यांची चळत, आणि एक मांजर, जे आम्ही आलो म्हणून उठून आत गेलं. मी उभ्यानंच सांगितलं. कागद उलटा करायचा होता. केला नाही. का, तर हत्ती करत होते. मग लपवून ठेवलं. तीन दिवस.

"हत्ती," बाई म्हणाल्या.

"हो."

त्यांनी बाह्या घेतल्या. एक डाव्या हाताभोवती गुंडाळली, ती छान बसली. दुसरी उजव्या हाताभोवती गुंडाळली आणि ऑर्गनपाशी बसून हात उचलला. बाही कोपराशी वळेना. कापड डावीकडे जायचं म्हणत होतं आणि हात उजवीकडे. बाईंनी एकच सूर दाबला आणि सोडला. मग त्या बाही गुंडाळलेल्या हाताकडे बघत बसल्या.

"आईनं हे शेवटपर्यंत का कापलं नाही माहितेय?" त्या म्हणाल्या. "बिघडेल म्हणून."

मला जमिनीत जावंसं वाटलं. चौथा मजला होता.

"मला राग आलाय," बाई म्हणाल्या. "आधीच सांगून टाकते."

"यायलाच हवा," सासूबाई म्हणाल्या. त्या तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. "कात्री मी दिली होती. माझीही चूक आहे. पण एक मार्ग आहे. या बाहीवर उजवीचा कागद ठेवला तर बराचसा भाग निघेल. बगलेत आणि कोपरामागे कमी पडेल. तिथं जोड द्यावा लागेल, खिशांच्या तुकड्यांचा. जोड दिसणार. मी कितीही बारीक शिवला तरी जवळून दिसणार. आणि तुम्हाला खिसे मिळणार नाहीत."

"ऑर्गन वाजवताना खिशात हात कोण घालतं?" बाई म्हणाल्या. त्यांनी बाही काढली, तिची घडी घातली, परत उलगडली. "मंडळीकडे माझी उजवी बाजूच असते. अडतीस वर्षं लोक याच कोपराकडे बघत आलेत." जरा थांबून म्हणाल्या, "शिवा. पण या वेळी तुम्ही कापा. हिला नको."

बरोबरच होतं. मी तेच म्हणणार होते.

"कापड तुमचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं. मीच कापेन. पण त्याआधी एक मागू? नाही म्हणालात तरी जाकीट वेळेवर मिळेल."

"काय?"

"हिलाच कापू द्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी सासूबाईंकडे बघितलं. आम्हा दोघींना एकच शंका होती.

"आता हिनं नाही कापलं, तर ही परत कधी कापणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "घडीतच राहील."

मांजर आतून परत आलं, बाह्या हुंगल्या आणि ऑर्गनवर चढून बसलं. बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. फिरवता फिरवता हसू यायला लागलं होतं, ते त्या दाबत होत्या.

"माझ्या पहिल्या रविवारी मी शेवटचं गीत दीड पट वेगानं वाजवलं होतं," त्या म्हणाल्या. "घाबरून. लोक धापा टाकत होते. एक आजोबा मधेच खाली बसले. पाळक नंतर येऊन म्हणाले, पुढच्या रविवारी परत या." त्यांनी दोन्ही बाह्या माझ्या हातात दिल्या. "पण तुम्ही हिच्या शेजारी उभ्या राहायचं. शब्द द्या."

"दिला," सासूबाई म्हणाल्या.

"आणि हत्ती नको."

"नाही," मी म्हणाले.

सोमवारी सकाळी दुकानात गेले. भिंतीवर टाचणी होती, चिठ्ठी नव्हती. टाचणीत एक जाड दोरा अडकवलेला, आणि त्या दोऱ्यात सगळ्या एकेचाळीस चिठ्ठ्या एकाखाली एक ओवलेल्या, मशीनच्या पायडलपर्यंत लोंबत होत्या. वाऱ्यानं हलत होत्या. 'न्यायी' 'मंदक्रोध'ला चिकटली होती. बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं आली होती आणि सासरे त्याच्याकडे बघत जिन्यात बसले होते.

"आई, मग आता हा कुठला आठवडा?" मी विचारलं.

"कामाचा," सासूबाई म्हणाल्या. "टेबल पूस."

मी टेबल पुसलं. बाही पसरली, चकचकीत बाजू वर. कागद उलटा केला. परत सुलटा करून बघितला, परत उलटा केला. बाहेर बघितलं, कुणी प्रेक्षक नव्हते. खडूनं आखलं. मुंढ्याचा, म्हणजे खांद्याकडचा, गोल कुठं येतो, जोड कुठं पडतो, दोन्ही ठिकाणी खूण केली. मग कात्री उचलली. आणि ती खाली ठेवली.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. हातभर अंतरावर. पण त्यांची माझ्याकडे पाठ होती. तोंड खिडकीकडे, हातात सुई आणि हिरवा दोरा.

"आई, तुम्ही शब्द दिला होता."

"मग? शेजारी आहे ना?"

"बघत नाही आहात."

"बघेन असं कुठं म्हटलं होतं?"

"आणि चुकलं तर?"

"खिशांचे चार तुकडे आहेत. आणखी एक जोड देऊ." त्या दोरा ओवत होत्या. सासूबाई मशीनच्या सुईत बोलता बोलता दोरा ओवतात, चष्म्याशिवाय. आज दोरा तीन वेळा सुईच्या बाजूनं गेला. चौथ्यांदा त्यांनी तो ओठांत धरून ओला केला. "उलटा केलास?"

"केला."

"मग काप. उन्हं जातील."

मी कात्री धरली. कापड जाड होतं, चाळीस वर्षं घडीत राहिलेलं, आणि पहिल्या चिरेला करकरलं. मग जाऊ लागलं. मुंढ्याचा गोल वळला, आणि या वेळी योग्य बाजूला वळला. मी खालपर्यंत गेले आणि कात्री मिटली.

खिडकीकडून आवाज आला.

"हं. ओवला."